नेहेते साहेबांचा हिरवा ठिपका

माणसाला ताण आहे की नाही, हे पूर्वी त्याच्या बायकोला विचारावं लागे. आता ती सोय मनगटावर झाली आहे. हितेंद्र नेहेते यांच्या मनगटावर ती कंपनीने, कंपनीच्या खर्चाने आणि त्यांची इच्छा न विचारता केली.

कंपनी म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतला चटयांचा कारखाना. प्लास्टिकच्या चटयांत काय एवढं मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिथे रात्रपाळीला उभं राहून दाखवावं, असं प्रॉडक्शनचे सीनिअर मॅनेजर नेहेते साहेब नेहमी म्हणत. एका टोकाला प्लास्टिकचा दाणा वितळतो, मधे त्याचा धागा निघतो, दुसऱ्या टोकाला लूमवर चटई विणली जाते, आणि या तिन्हींपैकी काहीही बंद पडलं की फोन नेहेते साहेबांना येतो. चालू असल्याचा फोन त्यांना उभ्या नोकरीत कुणी केलेला नव्हता.

कारखान्याच्या मालकीण सायरबाई. नवऱ्यामागे त्यांनीच हा व्याप वाढवला आणि आता नातवाच्या, म्हणजे अनुजशेठच्या, हाती सोपवला होता. सोपवला म्हणजे, त्या रोज येऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसत आणि काही बोलत नसत, एवढंच. अनुजशेठ बंगळुरूहून शिकून आले ते एक पदवी, एक महागडी सायकल आणि खोकंभर घड्याळं घेऊन. घड्याळ नाडी मोजणार, नाडीवरून ताण मोजणार आणि त्यातल्या सिमकार्डावरून तो ताण थेट कंपनीच्या कॉम्प्युटरला कळवणार. कँटीनच्या टीव्हीवरचं क्रिकेट त्या दिवसापासून बंद झालं आणि तिथे सगळ्या सीनिअर इंजिनीअरांची नावं झळकू लागली. प्रत्येक नावापुढे एक ठिपका. ताण नसेल तर हिरवा, थोडा असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल.

एवढ्यावर भागलं असतं तर नेहेते साहेबांनी दुर्लक्ष केलं असतं. पण धुळ्याला कंपनीचा नवा प्लांट उभा राहत होता आणि त्याचा प्लांट हेड आतल्या माणसांतून निवडायचा होता. नावं दोनच होती, प्रॉडक्शनचे नेहेते आणि मेंटेनन्सचे हेमराज अहिरराव. अनुजशेठनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं की दोघेही अनुभवी, दोघेही तोडीचे, तेव्हा मार्चअखेर ज्याचा ठिपका अधिक हिरवा, तो धुळ्याला जाईल. ज्याला स्वतःचा ताण आवरत नाही, तो प्लांट काय आवरणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवतानाच नेहेते साहेबांच्या मनगटावर घड्याळ थरथरलं आणि 'दीर्घ श्वास घ्या' अशी सूचना आली.

इथे एक घरगुती अडचण सांगायला हवी. ही निवड म्हणजे निव्वळ औपचारिकता आहे, असं नेहेते साहेबांनी दिवाळीतच घरी सांगून टाकलं होतं. त्यांच्या पत्नी चारुलतावहिनींनी ते कॉलनीला सांगितलं होतं. त्यामुळे हुकलेल्या प्रमोशनचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं, पण कॉलनीच्या गेटातून रोज आत यायचं कसं, हा प्रश्न खरा होता.

पहिल्याच दिवशी नेहेते साहेबांचा ठिपका लाल झाला आणि लालच राहिला. पहाटे दाणा वितळवणारा एक्स्ट्रूडर तुंबला, लाल. दुपारी दाण्याचा ट्रक पारोळ्याजवळ पंक्चर झाला, लाल. संध्याकाळी काहीच झालं नाही, तर आता काय होणार या विचाराने लाल. उलट अहिररावांचा ठिपका सकाळी जसा हिरवा उगवे तसाच संध्याकाळी हिरवा मावळे. हेमराज अहिरराव मूळचे साक्रीकडचे, अंगाने आडवे, चालीने संथ. यंत्र बिघडल्याची वर्दी आली की ते आधी चहा मागवत. "तिले जरा इसावा पाहिजे व्हता भाऊ," ते सांगत, "बठ्ठं ठीक व्हई जाई." आणि नवल असं की निम्म्या वेळा सगळं खरंच ठीक होई. उरलेल्या निम्म्या वेळा नेहेते साहेब स्वतः बाह्या सरसावून यंत्राखाली शिरलेले असत.

ठिपक्यांमुळे कारखान्यातली सगळी उतरंडच बदलली. आजवर ज्या माणसासमोर वॉचमन उठून उभा राही, त्याला तोच वॉचमन काळजीने म्हणू लागला, "साहेब, आज लवकर घरी जा, फारच लाल दिसता." कँटीनमधल्या मोहिनीबाई त्यांच्या पुढ्यात न मागता ताक ठेवू लागल्या. स्टोअरचा क्लार्क सही घ्यायला येण्याआधी टीव्ही बघून येई आणि लाल असेल तर दारातूनच परत फिरे. नेहेते साहेबांना वाटे, एवढ्या वर्षांत कमावलेला दरारा गेला आणि त्याच्या जागी सहानुभूती आली. ताक मात्र ते पीत.

लागोपाठ काही दिवस लाल राहणाऱ्याला समुपदेशन सक्तीचं होतं. ते मोबाइलवरून बंगळुरूच्या बाई करत. आधी अर्ज भरायचा. अर्जात ताणाचं कारण यादीतून निवडायचं होतं: घटस्फोट, कर्ज, व्यसन, एकटेपणा. घड्याळ हे कारण यादीत नव्हतं. नेहेते साहेबांनी 'इतर' निवडलं, तर 'इतर'साठी वरिष्ठांची मंजुरी लागते असं उत्तर आलं. मंजुरी मागितली, तर वरिष्ठ म्हणजे अनुजशेठ, आणि ते सायकल घेऊन अजिंठ्याला गेलेले. तोवर तक्रार मिटली नाही म्हणून सिस्टिमने रोज सकाळी आठवण पाठवायला सुरुवात केली, आणि आठवण आली की ठिपका लाल होई. शेवटी वैतागून त्यांनी 'एकटेपणा' निवडलं. त्या बाईंनी अर्धा तास हळुवार आवाजात मित्र जोडण्याचे उपाय सांगितले आणि तो सगळा वेळ फोनवर लूम बंद असल्याचे मिस्ड कॉल येत होते.

कॉलनीला हे कळायला वेळ लागला नाही. शेजारचे झुलालभाऊ वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, ताण म्हणजे एक प्रकारचा करंटच, त्याला अर्थिंग पाहिजे. त्यांनी साहेबांना सकाळी अनवाणी गवतात चालायला सांगितलं. कॉलनीच्या बागेत गवत कमी आणि गोखरू जास्त, त्यामुळे साहेब दोन दिवस लंगडले. समोरच्या कामिनीताई योगाचा वर्ग घेत. त्यांनी भ्रामरी सांगितली: कान बंद करायचे आणि भुंग्यासारखा आवाज काढायचा, मन आपोआप शांत होतं. हा उपाय साहेबांना मानवला. इतका की एका दुपारी एक्स्ट्रूडरमागच्या आडोशाला उभं राहून त्यांनी कान दाबले, डोळे मिटले आणि मनसोक्त भ्रामरी केली.

पलीकडच्या ऑपरेटरने तो आवाज ऐकला आणि मुख्य बेअरिंग गेलं म्हणून लाइन बंद केली. मेंटेनन्सची माणसं धावत आली, गिअरबॉक्स उघडला, तेल काढलं, बेअरिंग तपासलं, काही सापडेना. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा समोर अर्धा प्लांट सुटा होऊन पडला होता. हा आवाज माझा होता, हे सांगायला जी हिंमत लागते ती सीनिअर मॅनेजरच्या पदाला शोभणारी नसते, म्हणून ते गप्प राहिले. संध्याकाळी अहिररावांचा रिपोर्ट आला: आवाज आपोआप बंद झाला, कारण आढळले नाही. त्या दिवशीच्या प्रॉडक्शनच्या घटीबद्दल जाब मात्र नेहेते साहेबांना विचारला गेला, आणि रात्रीपर्यंत ठिपका लाल राहिला.

अशा अवस्थेत ते रविवारी सावद्याला आईवडिलांकडे गेले. वडील रतिलाल, घरात आणि गावात नाना. नाना मळ्यात, निंबाच्या सावलीत बाजेवर पडले होते. चहू अंगाला केळीची बाग, मधून पाटाचं पाणी. आई भागाबाई मुलाकडे बघताच म्हणाली, "आरे, किती सुकला तू. चारू जेवाले घालते की नही?" घालते, असं सांगून तिचं समाधान झालं नाही. ती तेव्हापासून जी बघत होती ती थेट जेवायला वाढेपर्यंत बघतच होती.

नानांनी घड्याळाची चौकशी केली. "पाहू दे मले," म्हणत त्यांनी ते आपल्या मनगटावर चढवलं. साहेबांनी सहज मोबाइलवर आपला ठिपका उघडून पाहिला. ठिपका हिरवा झाला होता. नुसता हिरवा नव्हे, चांगला पावसाळ्यातल्या बांधासारखा हिरवा. नाना पडल्यापडल्या घोरू लागले तसा तो आणखीच तरारला. एवढ्या दिवसांत आपल्या नावापुढे असा ठिपका साहेबांनी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, असं म्हणायला हरकत नाही.

पाप माणसाच्या मनात यायला फार वेळ लागत नाही आणि इंजिनीअरच्या मनात तर ते नकाशासकट येतं. घड्याळ सावद्याला ठेवायचं, नानांच्या हातात. आपण जळगावच्या फुले मार्केटमधून तसंच दिसणारं दुसरं घेऊन मनगटाला बांधायचं. घड्याळ कुठे आहे ते दाखवायची सोय होती, पण चार्जिंग फार खाते म्हणून अनुजशेठनी ती स्वतःच बंद केली होती. जणू देवानेच वाट मोकळी ठेवली होती.

"मले काय करा लागीन?" नानांनी विचारलं.

"काही नाही. रोज करता तेच करायचं."

"म्हंजे पडून राहायचं?"

"तेच."

"अन् त्याचे तुले पैसे भेटतीन?"

"प्रमोशन मिळेल, नाना."

नानांनी मुलाकडे पाहिलं. मुलाला शहरात एवढं शिकवून अखेर काम आपल्यापर्यंतच आलं, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. पण ते हो म्हणाले. फक्त भागाबाई कुरकुरली, "ह्याले काय ताण येईन? दिवसभर बाजीवर तं असतू. ताण सगळा माह्याकडे." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पुढचे दिवस साहेबांच्या नोकरीतले सोन्याचे दिवस. ठिपका हिरवा झाला, हिरवा राहिला, आणि अहिररावांच्या ठिपक्याला ठिपका भिडला. लूम तुटो, ट्रक उलटो, साहेब आरडाओरडा करून घसा बसवून घेत आणि टीव्हीवर मात्र परमहंसासारखे शांत दिसत. वॉचमन पुन्हा उभा राहू लागला. ताक बंद झालं, त्याची थोडी हळहळ वाटली. अनुजशेठनी त्यांना नव्या पोरांसमोर भाषण द्यायला लावलं, विषय 'कामातील शांती', आणि भाषणाआधी माइक चालेना म्हणून साहेबांनी इलेक्ट्रिशियनवर जो आवाज चढवला तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला. फक्त संध्याकाळी थोडा वेळ ठिपका पिवळा होई. त्याच वेळी केळीचे भाव मोबाइलवर येतात, हे सावद्याच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या लक्षात यायला हवं होतं. पण पद दिसायला लागलं की माणूस गाव विसरतो. नानांची बाग कापणीला आली होती, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

मार्चची शेवटची आढावा मीटिंग होती. सगळे सीनिअर इंजिनीअर, कारखान्याचे डॉक्टर, कोपऱ्यातल्या खुर्चीत सायरबाई. मोठ्या पडद्यावर अनुजशेठनी नेहेते साहेबांच्या नाडीचा आलेख थेट लावला. "हे बघा," ते म्हणाले, "मार्चअखेर आहे, टार्गेट डोक्यावर आहे, आणि हा माणूस किती शांत आहे." नेहेते साहेबांनी नम्रपणे मान खाली घातली आणि समोरच्या बशीतली शेव उचलली. धुळं आता हातभर अंतरावर होतं.

तेवढ्यात आलेखाने डोकं वर काढलं. आधी थोडं, मग भराभर. ठिपका पिवळा झाला, लाल झाला, लालच्या पुढे रंग नव्हता म्हणून लुकलुकू लागला. सगळी खोली पडद्याकडून साहेबांकडे आणि साहेबांकडून पडद्याकडे बघू लागली. साहेबांच्या हातात शेव तशीच होती.

"नेहेते साहेब, कसं वाटतंय?" डॉक्टरांनी उठत विचारलं.

"उत्तम."

"छातीत?"

"छातीतही उत्तम."

"ज्यांना होतं ते असंच म्हणतात," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, आणि चार जणांनी मिळून नेहेते साहेबांना उचलून कॉन्फरन्सच्या टेबलावर आडवं केलं. कुणी बूट काढले, त्याबरोबर एक मोजाही निघाला, कुणी पट्टा सैल केला. पायमोज्याला भोक होतं ते कंपनीच्या सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो ठीक आला. त्यांनी मशीन आपटून पुन्हा मोजला, पुन्हा ठीक आला. पडद्यावर नाडी छप्पर फाडत होती. अहिरराव पायाशी उभे राहून पंख्यासारखी फाइल हलवत होते. "भाऊ, मन शांत ठेवा," ते मनापासून म्हणाले, "धुळं काय, आज नई तर उद्या."

टेबलावर पडल्यापडल्या साहेबांना एकदम उमगलं. ही नाडी कुणाची आहे हे या खोलीत त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. आपल्याला टेबलावरून उतरवतील कसं, एवढाच विचार आतापर्यंत त्यांच्या डोक्यात होता, आणि तिकडे सावद्याला नानांच्या छातीत काहीतरी चाललं होतं. त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्याच क्षणी आलेख धाडकन खाली आला आणि सरळ रेघ झाली. खाली अक्षरं उमटली: नाडी मिळत नाही.

डॉक्टर नेहेते साहेबांचं मनगट धरून उभे होते आणि त्यांना नाडी लागत होती. काय करावं ते त्यांच्या शिक्षणात नव्हतं.

नेहेते साहेब टेबलावरून उडी मारून उतरले. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, पट्टा लोंबकळता. "ते घड्याळ माझ्या वडलांच्या हातात आहे," ते मोठ्याने म्हणाले, "ती माझ्या नानांची नाडी आहे." धुळं, प्लांट, कॉलनीचं गेट, सगळं त्या एका वाक्यात गेलं, आणि ते गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी दोनदा चुकीचा नंबर लावला. शेवटी अहिररावांनी मोबाइल त्यांच्या हातातून घेतला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा लावला. साहेब टेबलाची कड धरून उभे होते आणि लहानपणी शाळेत पाढे म्हणत तसं पुटपुटत होते, "उचला नाना, उचला."

"काय रे?" नानांचा आवाज आला, दणदणीत. "कामाच्या येळी फोन कशाले करतू?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. "नाना, तुम्हाला काय झालं?"

"मले काय होईन? यापारी आला ना. काल एक भाव ठरला, माल कापून झाला, अन् आता म्हने दुसरा भाव. मी त्याले सोडतू का?"

"पण घड्याळ?"

"काढून ठेवलं. ट्रक जाऊ नही म्हनून घड उचलून त्याच्या आडवे लावून राह्यलो, केयीचा चीक लागला तं डाग जात नही बाप्पा. कंपनीची वस्तू आहे, खराब व्हायले नको."

अनुजशेठ पडद्याकडे बघत उभे होते, आपलीच सायकल चोरीला गेल्यासारखे. अशा वेळी कोपऱ्यातली खुर्ची करकरली. सायरबाई उठल्या, काठी टेकत टेबलापाशी आल्या आणि मोबाइलवर वाकल्या.

"रतिलालभाऊ, मी कंपनीची सायरबाई. त्या व्यापाऱ्याला फोन द्या."

पलीकडे व्यापारी आला. सायरबाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग वडलांचं नाव विचारलं, आणि तिथून पुढचं बोलणं मारवाडीत झालं. व्यापारी त्यांच्या नणंदेच्या सासरचा निघाला. बोलणं फार लांबलं नाही. शेवटी त्या मराठीत म्हणाल्या, "ठरलेला भाव म्हणजे ठरलेला. तुझ्या आजोबांनी शब्द फिरवला नव्हता." फोन ठेवून त्यांनी नेहेते साहेबांकडे पाहिलं. आता नोकरी तरी राहते का, एवढंच पाहायचं, असं समजून साहेब पट्टा नीट करू लागले.

"तुझ्या बापाचं झालं," सायरबाई म्हणाल्या. "आता तुझं. अनुज, याच्या स्वतःच्या हातात घड्याळ होतं तेव्हाचं दाखव."

पडद्यावर पहिले आठवडे आले. लालच लाल. सायरबाई काठी एकेका लालवर टेकवून विचारू लागल्या, हे काय, हे काय. साहेबांना सगळं पाठ होतं. हा एक्स्ट्रूडर तुंबला तेव्हाचा, हा ट्रकचा, हा लूमच्या पट्ट्याचा. एका लालवर ते अडखळले आणि मग भ्रामरीची हकिकत त्यांनी सांगून टाकली, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी गिअरबॉक्स सुटा करायला लावणारे इंजिनीअर त्यांच्याकडे बघत राहिले.

"आणि याच दिवसांत अहिररावांचं?"

हिरवंच हिरवं. अनुजशेठना नवा संशय आला. "अहिरराव, तुमचं घड्याळ कुणाकडे आहे?"

"मनं घड्याळ मना हातवरच शे," अहिररावांनी शांतपणे बाही वर केली. खरंच होतं. पडद्यावर त्या क्षणीही त्यांचा ठिपका हिरवा होता. इतक्या गोंधळात त्या खोलीत दुसरा कुणाचाही तसा नव्हता.

सायरबाई हसल्या. "म्हणजे कारखाना बंद पडला तरी यांना काही होत नाही. चांगली तब्येत आहे. पण ज्याला माझ्या कारखान्याचा ताणच येत नाही, त्याच्या हातात मी कारखाना कसा देऊ, बेटा?" हे शेवटचं नातवाला होतं. मग नेहेते साहेबांना म्हणाल्या, "लबाडी केलीस ती केलीस. घड्याळ परत आण, स्वतःच्या हाताला बांध आणि धुळ्याला जा. अहिरराव तुझ्याबरोबर येतील. त्यांचं गाव तिकडे आहे, आणि एक जण शांत पाहिजेच."

साहेब वाकून पाया पडायला गेले आणि आपण अनवाणी आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. कॉलनीत त्या रात्री पेढे वाटले गेले. टेबल, मोजा आणि नाना हा भाग चारुलतावहिनींनी गाळला. झुलालभाऊंनी सगळं श्रेय अर्थिंगला दिलं.

गोष्ट इथे संपली असती, पण धुळ्याला वेगळंच झालं. नवी यंत्रं, नवी माणसं, आणि दुपारी अहिररावांबरोबर डबा. यंत्र अडलं की अहिरराव चहा मागवत, आणि हळूहळू नेहेते साहेबही आधी चहा घेऊ लागले. बठ्ठं ठीक व्हई जाई, असं एकदा त्यांच्याच तोंडून निघालं. आणि खरोखर सगळं ठीक चाललं. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर, स्वतःच्या नाडीने, ठिपका हिरवा झाला. त्यांनी त्याचा फोटो काढून चारुलतावहिनींना पाठवला.

दुसऱ्याच दिवशी सायरबाईंचा फोन आला. नातवाने त्यांना एक टॅब घेऊन दिला होता आणि आता त्या घरबसल्या ठिपके बघत. "हिरवा दिसतोस," त्या म्हणाल्या. "प्लांट बंद आहे का?"

"नाही बाईसाहेब, जोरात चालू आहे."

"मग हिरवा कसा?"

त्यानंतर ठिपका हिरवा झाला की फोन येऊ लागला. फोन आला की तो लाल होई आणि सायरबाई समाधानाने फोन ठेवत. असे काही दिवस काढून साहेबांनी पुढच्या रविवारी सावदा गाठलं आणि घड्याळ नानांच्या पुढ्यात ठेवलं. या खेपेला लाल पाहिजे, असं त्यांनी सांगितलं.

नानांनी बाजेवरून मान हलवली. "माह्याच्यानं नही व्हायचं. आता भाव चढेल आहे. मी हिरवाच राहीन." मग त्यांनी चुलीकडे हात केला. "तुह्या मायच्या हातात बांध. तू घरातून गेला की तुह्या नावानं लालच असते ते."

भागाबाई भाकरी थापत होती. तिने पिठाचा हात पुढे केला, साहेबांनी घड्याळ बांधलं. मग ती मुलाकडे बघून म्हणाली, "धुयाले जेवाचं कसं आहे रे? कोन करून घालते तुले?"

तेव्हापासून धुळ्याच्या प्लांट हेडचा ठिपका लाल आहे आणि सायरबाईंची तक्रार नाही. नाही म्हणायला, शनिवारी साहेब सावद्याला पोचतात, हातपाय धुऊन पाटावर बसतात आणि पहिला घास घेतात, तेव्हा तो ठिपका थोडा वेळ हिरवा होतो. सायरबाई तेव्हा फोन करत नाहीत.